कायमरावांची यादी आणि सहा मजले

माझ्या धाकट्या भावाला ऑफिसात सगळे कायमराव म्हणतात. हे नाव मला सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. लहानपणापासून त्याला नावं ठेवायचं खातं माझ्याकडे, आणि नेमकं सगळ्यात चपखल नाव भलतंच कुणीतरी ठेवून मोकळं झालं.

हा कायमराव लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत रेकॉर्ड रूम सांभाळतो. तेहेतीस वर्षं झाली. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली लांबच लांब खोली. लोखंडी मांडण्या, त्यांवर फायली, हात दुखेल इतकी जाड रजिस्टरं, आणि पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळून ठेवलेली लिफ्टची ड्रॉइंगं. सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास भावाच्या अंगालाही इतका मुरलाय, की लग्नकार्यात तो मागे येऊन उभा राहिला की मला मान वळवावी लागत नाही.

प्रत्येक फायलीवर एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर दोन चौकोन. एकात फाईल आली ती तारीख, दुसऱ्यात ती किती वर्षं ठेवायची ते. दुसऱ्या चौकोनासाठी आमच्या बंधुराजांनी एक रबरी शिक्काच करून घेतला होता, ‘कायम’. ड्रॉइंग आलं, कायम. चहाची कुपनं आली, कायम. ऑफिसात विसरलेल्या छत्र्यांची नोंदवही आली, तीही कायम. छत्र्या केव्हाच लोकांनी ढापल्या, पण वही बसलीय मांडणीवर ऐटीत.

घरी वेगळं काही नाही. एक टेबलफॅन भंगारात जाऊन बारा वर्षं झाली, त्याची पावती मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखरूप आहे. भावजय एकदा म्हणाली, “ताई, पंख्याऐवजी पावती फिरवून वारा घेते मी आता.” बाई बोलायला तिखट आहे. म्हणून तर आमचं जमतं.

तर असं सगळं छान चाललेलं असताना ऑफिसात नव्या मॅडम आल्या. वय पस्तिशीचं, आवाज हळू, आणि एकदा बोलल्या की बोललेलं मागे घेणार नाहीत अशा. त्यांनी कायमरावांना बोलावून शांतपणे सांगितलं की कंपनी दुसऱ्या जागेत जाते आहे. तिथे रेकॉर्डला मिळणारी खोली आताच्या एक तृतीयांश. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक प्रकारच्या कागदाची मुदत ठरवून यादी करायची, मुदत संपलेलं पोत्यांत भरायचं, शेवटच्या शनिवारी कागदाचा भुगा करणारी गाडी येईल. आणि हे जमलं नाही तर बाहेरची एक कंपनी सगळं रेकॉर्ड उचलून नेईल, रेकॉर्ड रूम बंद होईल, आणि काकांना, म्हणजे कायमरावांना, रिटायर होईपर्यंतची तीन वर्षं स्वागतकक्षात बसवता येईल. तिथे जागा रिकामी आहे.

आता तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? स्वागतकक्षात पंखा आहे, खिडकी आहे, बसायला गुबगुबीत खुर्ची. पण हा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना ‘या’ म्हणायची वेळ आली तेव्हा बूट मोजत उभा होता. अनोळखी माणसाने नुसतं किती वाजले विचारलं तरी हा मनगट पुढे करून दुसरीकडे बघतो. फायलींशी मात्र गप्पा मारतो, मी ऐकलंय. त्याला दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला हसून नमस्कार करायला बसवणं म्हणजे मला मौनव्रत घ्यायला सांगण्यासारखं. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, सोफ्यावर बसला, आणि म्हणाला, “ताई, ते मला काउंटरवर ठेवणार.” चेहरा असा, की मला चिडवायचंसुद्धा सुचलं नाही. पाचेक मिनिटं तरी.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते सांगायचं राहिलं. कंपनीतल्या लोकांनीच मिळून बांधलेली इमारत आहे. भाऊ सहाव्या मजल्यावर, मी दुसऱ्या. लिफ्ट अर्थातच त्यांच्याच कंपनीची, एकतीस वर्षांची, जाळीच्या दाराची. वर जाताना कुरकुरते, खाली येताना सुस्कारा सोडते. मला तिचा लळा आहे.

तर कायमराव यादीला बसले. एकूण एकशे चाळीस प्रकारचे कागद निघाले. पहिल्या खेपेला त्याने एकशे एकोणचाळीस प्रकारांपुढे ‘कायम’ लिहिलं, आणि पेन-पेन्सिलींच्या मागणीपत्रांपुढे मन घट्ट करून ‘पन्नास वर्षं’. हे मॅडमच्या टेबलावर ठेवताना आपण केवढा त्याग केला असं त्याला वाटत होतं म्हणे. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. यादी परत दिली आणि एवढंच विचारलं, की काका, प्रत्येक कागदापुढे मनाला विचारा, हा मागायला कोण येणार आणि कधीपर्यंत येणार?

हा प्रश्न घेऊन तो घरी आला आणि भावजय धरून आम्ही तिघांनी चार दिवस त्याच्यावर डोकं लढवलं. मजा यायला लागली मला. गेटपास मागायला कोण येणार? कुणीही नाही. एक वर्ष. चहाची कुपनं? तीन महिने, तेही कुपनांची दया येऊन. मालाच्या पावत्यांचं कायद्यात लिहिलेलं होतं, तेवढी वर्षं. नोकरीच्या फायलींवर मात्र तो अडून बसला. म्हणाला, माणसाची फाईल तो माणूस नोकरीत असेपर्यंत, मग त्याची पेन्शन चालू असेपर्यंत, मग त्याच्या बायकोची चालू असेपर्यंत. कागद कोणत्या सालचा याला काही अर्थ नाही. भावजयीने लगेच विचारलं की म्हणजे माझ्या नशिबाने तुमची फाईल माझ्याआधी जात नाही तर. तो म्हणाला, “नाही. आधी तू जायचं, मग फाईल.” आणि हे त्याला प्रेमाने बोलल्यासारखं वाटलं.

एकदा ‘एक वर्ष’ लिहायची चटक लागल्यावर मात्र हा गडी थांबेना. तेहेतीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. घरभर चिठ्ठ्या लावत सुटला. औषधांच्या डब्यावर चिठ्ठी, जुन्या चादरींवर चिठ्ठी. मी दिलेल्या फुलदाणीवर ‘सहा महिने’ पाहिलं तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. याच झपाट्यात लिफ्टची ड्रॉइंगं आली. किती वर्षं? लिफ्टची हमी संपल्यावर कंपनीची जबाबदारी किती काळ ते त्याने नियमांत पाहिलं, आणि लिहून टाकलं, दहा. ड्रॉइंगवरच्या तारखेपासून दहा वर्षं. आम्हीही माना डोलावल्या. दहा म्हणजे काय थोडी झाली?

यादी मॅडमनी मंजूर केली. ‘उत्तम काम, काका’ असं समासात लिहिलं. तो समास त्याने मला तीनदा दाखवला. मग आठवडाभर पोती भरणं चाललं. फायलीच्या कोपऱ्यातली तारीख बघायची, बोटांवर वर्षं मोजायची, मुदत संपली असेल तर पोत्यात. दोनशे सात पोती झाली. आणि हा माणूस कायमराव नुसता नावाचा नाही, तर भुगा व्हायला निघालेल्या पोत्यांनाही त्याने नंबर घातले आणि कोणत्या पोत्यात काय आहे याची वेगळी वही केली. मॅडमनी विचारलं म्हणे, की या वहीची मुदत काय? याने वही काखेत मारली.

मंगळवारी आमची लिफ्ट बंद पडली.

नेहमीसारखी नाही. नेहमी जाळीचं दार एकदा आपटलं की शहाण्यासारखी चालू होते. या वेळी वरच्या पेटीतून जळका वास आला आणि बाई तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे जाऊन बसल्या. आत कुणी नव्हतं, नशीब. बुधवारी कंपनीचा मेकॅनिक आला, चाळिशीचा, कानाला कायम पेन्सिल. आमच्याकडे त्याला सगळे पेन्सिल म्हणूनच ओळखतात. पेटी उघडून बघितली, आत तारांचं जळून कोळसा झालेलं भेंडोळं. त्याने हात वर केले. म्हणाला, एवढ्या जुन्या पेटीत कुठली तार कुठे जाते ते अंदाजाने लावलं तर तिसऱ्याचं बटण दाबल्यावर तुम्ही गच्चीवर जाल. मूळ ड्रॉइंग लागेल. आजच ऑफिसात मागणी टाकतो.

दरम्यान सहा मजले. माझं काय, दोनच जिने, आणि तेवढे मी तोंडाची टकळी चालू ठेवून चढते. पण कायमरावांचे गुडघे कधीपासून कुरकुरतायत. ऑफिसातून आला की माझ्या दारात थांबायचा, सोफ्यावर अंग टाकायचा, एक तांब्या पाणी प्यायचा आणि उरलेले चार मजले चढायचं धैर्य गोळा करायचा. भावजय वरून जिन्याच्या कठड्यावरून ओरडायची, की अहो, आज येणार आहात की वन्संकडेच मुदत वाढवून घेतलीत?

गुरुवारी तो आला तो पाणी न पिताच बसला. मी म्हटलं झालं, गुडघा गेला. तसं नव्हतं. दुपारी त्याच्या टेबलावर पेन्सिलची मागणीचिठ्ठी आली होती. लिफ्टचा ऑर्डर नंबर, खाली पत्ता. पत्ता आमचाच. वही उघडून बघितलं. ड्रॉइंग चौऱ्याण्णव नंबरच्या पोत्यात.

मला हसू आवरेना. खरंच सांगते, मी उशी तोंडाला लावून हसले. स्वतःच्या सहीने स्वतःच्या गुडघ्यांचा निकाल लावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हटलं, अरे त्यात काय, पोतं अजून तिथेच आहे ना? परवा गाडी येण्याआधी चौऱ्याण्णव उघड, आपलं नळकांडं काढ, तोंड शिव, गप्प बस. कुणाला कळणार आहे?

तो म्हणाला, “आपली काढतो. आणि बाकीच्यांचे जिने कोण चढणार?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने सकाळपासून हिशेब लावला होता. एकसष्ट पोत्यांत ड्रॉइंगं होती. चारशेच्या वर लिफ्टची. त्यातल्या किती अजून चालतायत, कुणाला माहीत. कागद तीस वर्षांचा म्हणून पोत्यात गेला, पण लिफ्ट थोडीच दहा वर्षांत संपते? ती चालतेय, कुठेतरी कुणीतरी रोज आत शिरून बटण दाबतंय. या माणसाने तेहेतीस वर्षं लिफ्टचे कागद सांभाळले, आणि मोजायची वेळ आली तेव्हा कागदाचं वय मोजलं.

एवढ्यात भावजय खाली आली, नवऱ्याला न्यायला. सगळं ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “माणसाची फाईल माणूस असेपर्यंत ठेवलीत ना? मग लिफ्टनं काय घोडं मारलंय?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. लग्नात बघितलं नसेल इतकं टक लावून.

पण खरी पंचाईत पुढेच होती. हे मॅडमना सांगायचं म्हणजे मंजूर झालेली यादी चुकीची आहे असं स्वतःच सांगायचं. एकसष्ट पोती परत मांडण्यांवर गेली की नव्या खोलीत रेकॉर्ड मावणार नाही. मावलं नाही की बाहेरची कंपनी. बाहेरची कंपनी आली की काउंटर. हे आम्हा तिघांनाही न बोलता कळत होतं. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, की शनिवार जाऊ दे, मग हळूच सांग. तो म्हणाला की शनिवारनंतर सांगायला भुगाच राहील.

मग माझ्या सोफ्यावर रंगीत तालीम झाली. मी मॅडम झाले. तो उभा राहून ‘मॅडम, एक विनंती आहे’ असं सुरू करायचा आणि मधेच माझ्या पडद्यांकडे बघत थांबायचा. मी म्हणायचे, बोला काका. तर म्हणे, “तू असं भुवया उडवून नको बघूस, त्या बघत नाहीत.” सात वेळा झालं. सातव्यांदा पूर्ण वाक्य बाहेर पडलं. मग तो चार मजले चढून गेला.

शुक्रवारी काय झालं ते मला त्याच्याकडून तुकड्यातुकड्याने आणि नंतर पेन्सिलकडून सलग कळलं, कारण पेन्सिल तेव्हा ड्रॉइंग मागायला तिथेच उभा होता. कायमराव मॅडमच्या खोलीत गेले आणि तालीम केलेलं एकही वाक्य न बोलता एकदम म्हणाले, “मॅडम, मी चुकलो. लिफ्ट अजून जिवंत आहेत.” मॅडमना वाटलं काका आजारी आहेत. त्यांनी पाणी मागवलं.

मग नीट सांगितलं त्याने. मॅडमनी यादी पुढे ओढली. एकसष्ट पोती म्हणजे किती मांडण्या, विचारलं. अकरा. मग ती जागा कुठून आणणार, विचारलं. याचं उत्तर तो घेऊन गेला होता. ज्या चौदा प्रकारांपुढे त्याने पहिल्यापासून ‘कायम’ ठेवून दिलं होतं, आणि मॅडमनीही त्याचं मन राखायला सोडून दिलं होतं, ते त्याने एकेक करून खोडले. भेटीला आलेल्या पाहुण्यांच्या वह्या. किल्ल्यांची रजिस्टरं. छत्र्यांची वही. शेवटी जुनी हजेरीपुस्तकं, ज्यातल्या एकात त्याची नोकरीच्या पहिल्या दिवसाची सही होती. मॅडमनी ते पुस्तक बाजूला काढून ठेवायला सांगितलं तर हा म्हणाला की हे मागायला माझ्याशिवाय कोण येणार? आणि स्वतः नेऊन पोत्यात घातलं. पेन्सिल म्हणतो, काका पोतं शिवायला जरा जास्तच वेळ लावत होते.

त्यातून नऊ मांडण्या निघाल्या. दोन कमी पडल्या. मॅडमनी स्वतःच्या खोलीतलं कपाट रिकामं करून दिलं.

लिफ्टच्या ड्रॉइंगपुढे आता नवी मुदत लिहायची होती, लिफ्ट मोडीत निघाल्यावर दहा वर्षं. तो लिहायला वाकला, तर मॅडमनी हात धरला आणि विचारलं, की काका, लिफ्ट मोडीत निघाली हे आपल्याला कळणार कसं? कुणी पत्र पाठवून कळवतं का? कुणी नाही कळवत. मग हे सगळं पुन्हा ‘कायम’च झालं, नुसतं शब्द लांब करून. कायमरावांनी पेन खाली ठेवलं.  मॅडम म्हणाल्या, “तुम्ही विचारायचं. एकेकाला.”

शनिवारी गाडी आली आणि एकशे अठ्ठ्याण्णव पोती घेऊन गेली. बाहेरची कंपनी आली नाही, काउंटरवर दुसरंच कुणीतरी बसलं, आणि आमची लिफ्ट सोमवारी पुन्हा कुरकुरायला लागली. कायमरावांना नव्या जागेत खोली मिळाली, टेबल मिळालं, आणि टेबलावर टेलिफोन मिळाला. फोन करायला चारशे तेरा नंबर.

पहिला फोन त्याने रविवारी माझ्याकडे बसून कागदावर लिहून काढला होता. प्रत्यक्षात काय झालं, तर पलीकडे कुणी आजोबा. याने विचारलं, तुमच्याकडे लिफ्ट आहे का? आहे. चालते का? आजोबा म्हणाले, तुम्हाला विकत घ्यायची आहे का? याच्या कागदावर हा प्रश्नच नव्हता. त्याने घाबरून फोन ठेवला. मग पुन्हा केला. आजोबांनी त्याला चाळीस मिनिटं धरून ठेवलं, त्यांची बायको लिफ्टमध्ये अडकली तेव्हा जाळीतून तिच्याशी पत्ते कसे खेळले ते सगळं सांगितलं. कायमराव ऐकत बसले. लिफ्टपुढे ‘जिवंत’ अशी खूण केली आणि पुढच्या नंबराकडे वळले.

आता चार महिने झाले. रोज संध्याकाळी येऊन मला सांगतो, आज तीन जिवंत, एक गेली. गेलेल्यांची तारीख विचारताना आवाज आपोआप खाली जातो म्हणे, आणि एका बाईने तर ‘ऐकून वाईट वाटलं’ ऐकून त्याला विचारलं, की तुम्ही तिच्या नात्यातले का? परवा एक नमुना निघाला. एका जुन्या इमारतीत लिफ्ट आहे, पण तिच्यात लोक सायकली ठेवतात. चालवत नाहीत, मोडूनही टाकत नाहीत. मग दहा वर्षं सुरू करायची की नाही? फोनवर कुणी धड सांगेना. तेव्हा हा माणूस, ज्याला पोस्टमनशी बोलायला घाम फुटतो, तो रजा टाकून भावजयीला घेऊन तिथे गेला. चार अनोळखी लोकांना विनंती करून सायकली बाहेर काढायला लावल्या. आत शिरला. बटण दाबलं.

दिवा लागला. हलली मात्र नाही.

रजिस्टरात त्याने लिहिलं, ‘श्वास चालू’. मॅडमनी ते खोडून ‘वापरात नाही, मोडीत नाही’ असं केलं, आणि ड्रॉइंग मांडणीवर राहू दिलं. भावजय म्हणते, की आल्यापासून तिलाच सारखं विचारतोय, त्या सायकली पुन्हा आत ठेवल्या असतील का गं?